सोनाबाई चिखलदऱ्याला निघाली

मिशनच्या कंपाउंडात हयात घालवलेली दोन माणसं भेटली, की देवाधर्माचं बोलणं पाच मिनिटांत आटपतं. मग सुरू होतं, "अगं, ते आठवतं का?" माझ्याकडे असे किस्से इतके साठलेत की लग्न असो की मयत, मला कोपऱ्यात धरून बसवतातच. आणि फर्माईश ठरलेली: सोनाबाईचं सांगा!

सोनाबाई रिठदची. आमच्या मिशनची बायबलबाई. म्हणजे गावोगाव फिरायचं, बायकांत बसायचं, शुभवर्तमान वाचून दाखवायचं. पन्नाशीची, काटक, आणि आवाज असा की नाल्यापलीकडची म्हैस वळून बघेल! मी तेव्हा वाशीमला मुलींच्या शाळेत नवीनच लागले होते. महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट.

तिच्या बाप्तिस्म्याची हकिकत तर मी यायच्या आधीपासून सगळ्यांना पाठ होती. पाद्रींनी तिचं नवं नाव ठरवलं होतं, सुसान. पाण्यापाशी उभं राहून त्यांनी ते उच्चारलं मात्र, बाई मागे सरकली.

"माह्या मायनं सोना नाव ठेवलं. तुमच्या देवाले सोना म्हन्ता येत नसन, तर मले दुसरा देव पाह्यला लागन."

रजिस्टरात आजही सोनाच आहे.

*

दर मे महिन्यात गोरे मिशनरी आठवडाभर चिखलदऱ्याला जात. वार्षिक रिट्रीट. सकाळी प्रार्थना, दुपारी बायबलचा अभ्यास आणि शेवटच्या दिवशी पुढच्या वर्षीच्या कामाची सभा. आम्हा देशी लोकांना कधी नेत नसत. आम्ही इथं बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात आत्मिक उन्नती करायची!

त्या वर्षी सभेपुढे एक विषय होता: रिठदची मुलींची शाळा बंद करायची. ती शाळा सोनाबाईनं दारोदार फिरून, आयांशी भांडून उभी केली होती. शाळांचं काम बघणाऱ्या मिस ब्रूकर म्हणाल्या, "शाळा ज्यांची आहे, त्यांना नेल्याशिवाय मी येणार नाही." म्हणून सोनाबाई निघाली, आणि तिच्या सोबतीला मी.

निघायच्या दिवशी बघतो तर मोटारीत जागाच नाही! मिशनचे मुख्य हॅलेटसाहेब. त्यांच्या तीन ट्रंका, एक ग्रामोफोन आणि मागच्या सीटवर आडवा टाकलेला जस्ताचा बाथटब. साहेब मराठी शिकले होते पुण्याच्या शास्त्रीबुवांकडे. ते म्हणाले, "आपण उभयतांनी सामानाच्या बैलगाडीने सावकाश यावे."

सावकाश म्हणजे सभा संपल्यावर!

सोनाबाईनं टब उचलला, अंगणात उपडा ठेवला आणि त्याच्या जागी जाऊन बसली. "मास्तरीनबाई, चढा. टब येईन सावकाश."

साहेब लाल झाले. मिस ब्रूकरना म्हणाले, "ही स्त्री प्रार्थनेस निघाली आहे की युद्धास?"

मिस ब्रूकर मोटारीचा हॅंडल मारत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "ते रस्त्यात कळेल."

*

मंगरूळपीरच्या अलीकडे इंजिन उकळलं. नुसती वाफ! गाव जवळच होतं. विहिरीवरच्या माणसांनी साहेबाची टोपी बघून लगबगीनं बादली भरून दिली. तेवढ्यात सोनाबाईनं ओंजळ पुढे केली. तिला त्या भागात ओळखणारे बरेच होते. एक पागोटेवाला पुढे आला.

"तुले नाई भेटत. तू आधी कोन होती, ठाऊक हाय आमाले."

"मोटारीले देता, मले नाई?"

"मोटारीले जात नसते."

साहेब हळूच म्हणाले, "आपण वाद घालू नये. पुढे जलपान करू." सोनाबाई ओंजळ तशीच धरून उभी राहिली. रिकामी. मला ते बघवेना.

मिस ब्रूकरनी साहेबांच्या हातातली बादली घेतली, पागोटेवाल्याच्या पायाशी नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, "मग मोटारीलाही नको. आमची मोटार सोनाबाईच्या जातीची आहे."

तोऱ्यात बोलून झालं, पण मोटार काही जातीवर चालेना! दोन तास बाभळीखाली बसलो. शेवटी दर्ग्याकडे निघालेला एक म्हातारा फकीर थांबला. त्याची मशक भरलेली होती. काही न विचारता त्यानं आधी सोनाबाईच्या ओंजळीत पाणी ओतलं, मग माझ्या, मग साहेबांच्या, आणि उरलेलं मोटारीला.

साहेबांनी त्याचे आभार मानले. चांगली पाच मिनिटं!

*

आमच्याकडे बायाही ‘मी जातो, मी करतो’ म्हणतात. मिस ब्रूकर पुस्तकातून मराठी शिकलेल्या. कारंज्याच्या पुढे त्यांनी सोनाबाईला प्रेमानं दुरुस्त केलं, "सोनाबाई, स्त्रीने ‘मी जाते’ म्हणावे."

"कोनी शिकोलं तुमाले?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकवाल्याले रिठदले घेऊन या. मी त्याले दुरुस्त करतो."

आणि एवढ्यात मोटार नदीच्या कोरड्या पात्रात रुतली! अर्धी चाकं वाळूत. साहेब खाली उतरले, टोपी काढली आणि वाळूत गुडघे टेकून प्रार्थना करू लागले. आम्ही तिघी मागून रेटतोय, घामानं निथळतोय, मोटार हलत नाही. साहेबांची प्रार्थना अब्राहामापासून मोशेपर्यंत पोचली.

सोनाबाई कमरेवर हात ठेवून त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, देवाले लय कामं हायत. तुमचे हात रिकामे हायत. ढकला!"

साहेबांनी ढकललं. खरं सांगायचं तर जोर चांगला होता त्यांना!

*

परतवाडा सोडलं आणि घाट लागला. मी जन्मात डोंगर पाहिला नव्हता. सागाची झाडं, त्यांच्यामधून पिवळाजर्द बहावा, आणि प्रत्येक वळणाला हवा गार होत जाणारी. वर एका कड्यापाशी मिस ब्रूकरनी मोटार थांबवली. खाली दरीमागे दरी, निळ्यामागे निळं. एक घार आमच्या पायांखालून उडत होती. पायांखालून!

सोनाबाई कड्यापाशी गेली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

साहेबही हेलावले. त्यांनी तिच्या शेजारी उभं राहून हात पसरले. "पाहा, बाई! परमेश्वराची ही अगाध करणी! गेली बावीस वर्षे मी प्रतिवर्षी येथे येऊन तिचे दर्शन घेतो."

सोनाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"बावीस वर्षं! आन् एकटेच पाहून राह्यले होते? आमाले सांगतलं काहून नाई?"

साहेबांचे हात हळूहळू खाली आले. मग मोटारीत न बसता मिशनच्या बंगल्यापर्यंत ते एकटेच मागून चालत आले.

*

आता सभेचं.

शेवटचा दिवस. हॉलमध्ये वीस-बावीस गोरे साहेब-मडमा आणि मागच्या बाकावर आम्ही दोघी. हॅलेटसाहेब अध्यक्ष. त्यांनी रिठदचा विषय काढला. मुली कमी येतात, सुगीत तर येतच नाहीत, तिथली मास्तरीण दुसरीकडे उपयोगी पडेल, वगैरे वगैरे. मिस ब्रूकर विरोधात बोलल्या. त्यांच्या बाजूनं एक हात वर झाला, तो त्यांचा स्वतःचा!

साहेब ठराव लिहायला लागले, तशी सोनाबाई उभी राहिली.

"बाई, या सभेत आपणांस भाषणाचा अधिकार नाही."

"मंग कशाचा हाय?"

साहेब जरा अडखळले. "प्रार्थनेचा आहे. प्रार्थना सर्वांसच करता येते."

"बरं. मंग प्रार्थना करतो."

तिनं हात जोडले, डोळे मिटले. झालं! सगळ्या हॉलला माना खाली घालाव्या लागल्या. प्रार्थनेत मध्ये बोलायची कोणाची टाप?

"देवा, रिठदची गंगू तुले ठाऊक हाय. सकाळी म्हशी सोडते आन् मंग पाटी घेऊन येते. तिले आता तिचं नाव लिहिता येते. देवा, भागी पाह्य. तिचा बाप म्हने, पोरीले शिकवून काय करतं? आता त्याची चिठ्ठी भागीच वाचते. देवा, सखू पाह्य..."

एकेक मुलगी. नाव, आई, बाप, घर. कोणाला पाढे येतात, कोणाला शिवण, कोण अजून ‘ळ’ उलटा काढते. एकही सुटली नाही. मी डोळे मिटून ऐकत होते आणि मला वर्ग दिसत होता.

जेवणाची घंटा झाली. बाई चालूच. कोणी तरी पाय घासले. साहेबांनी घसा खाकरला.

"देवा, साहेब खोकलून राह्यले. त्याइले दम धरू दे."

मिस ब्रूकर पुढच्या रांगेतून कुजबुजल्या, "सोनाबाई, आमेन."

"देवा, मिसबाई म्हन्ते आमेन म्हन. कशी म्हनू? मी आमेन म्हनलं का साहेब शाळेले कुलूप लावतेत. तवा आधी साहेबाले विचार, शाळा राह्यते का नाई. तूच विचार. मले तं बोलाचा अधिकार नाई. आमी थांबतो."

आणि ती थांबली. हात जोडलेले, डोळे मिटलेले. हॉलमध्ये कोणी डोळे उघडेना. बाहेर स्वयंपाकी पुन्हा घंटा बडवत होता. मी पापणी जराशी किलकिली केली. साहेबांचं कपाळ टेबलाला टेकलं होतं आणि मान घामानं भिजली होती.

घंटा तिसऱ्यांदा झाली.

"हो," साहेब म्हणाले.

"आमेन!" सोनाबाई म्हणाली.