शेवटच्या पानावरचे नाव

भज्यांचे तेल कागदात उतरले, तेव्हा वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावरची तळाची बारीक ओळ दिसली. त्या ओळीत मुद्रकाचे नाव असते. ते कोणी वाचत नाही. इंग्रजांनी ते छापण्याची सक्ती केली, ती मजकूर खटकला तर धरायला एक माणूस असावा म्हणून.

माझे आजोबा त्या काळी एका साप्ताहिकाचे संपादक होते. मुद्रक म्हणून नाव मात्र छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या गोविंद रामा शिंपी याचे असे.

"तुझं नाव घालू ना रे?" आजोबांनी विचारले होते.

"घाला की, तात्या. आमचं नाव एरवी कोण छापतंय?"

सरकारवर जळजळीत अग्रलेख आजोबांनी लिहिला आणि तुरुंगात गेला गोविंदा. तिथून तो खोकला घेऊन आला आणि त्यातच गेला.

हे वडिलांनी मला सांगितले होते. तरी मी आयुष्यभर व्यासपीठांवरून आजोबांचेच धैर्य सांगत राहिलो. आजोबांचे शब्द खोटे नव्हते. पण लिहिण्याचे स्वातंत्र्य आले कसे, हे सांगताना आपण लिहिणाऱ्यांपाशीच थांबतो. मीही थांबलो.

"आजोबा, भजी निवली की!" भज्यांच्या गाडीवरची बाई मला म्हणाली. "एवढं काय वाचताय त्या कागदात?"

"छापणाऱ्याचं नाव."

"काय नाव त्याचं?"

मी तोंड उघडले. आत्ताच वाचलेले ते नाव मला आठवेना.