हाताला गुंडाळलेला दोर

मी केदारखेड्याकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. आमच्याकडची नदी आठ महिने बैलगाडी घालून ओलांडता येते. त्यामुळे घनसावंगीच्या पुढे गोदावरीकाठच्या एका गावी माझी नेमणूक झाली आणि शाळा नदीपलीकडच्या वस्तीवर आहे असं कळलं, तेव्हा मी आधी रस्त्याची चौकशी केली. रस्त्याने जायचं तर शहागडच्या पुलावरून मोठा वळसा. म्हणजे रोज नावेनं जायचं आणि नावेनंच यायचं. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते आणि यंदा नदी दुथडी भरून होती.

नाव ग्रामपंचायतीची. चालवणारा उन्हाळ्यात वारला, आणि त्याच्या बायकोनं नाव मागून घेतली. बाईमाणसाला पुरात नाव काठाला लावता येणार नाही, असं निम्म्या गावाचं म्हणणं. सरपंचांनी तिला दसऱ्यापर्यंत मुदत दिली. तोवर एकदाही नाव हातची सुटली, तर नाव दुसऱ्याला. सुगीला घरटी पायलीभर धान्य मिळे, त्यावर तिचं वर्ष निघायचं. नाव गेली की तेही गेलं.

पन्नाशीची, बुटकी, काटक बाई. सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणू लागलो. नाव चालवणं फार अवघड नसतं, हे मला तिच्याकडे बघून समजलं. खरी परीक्षा काठाला लागताना. ती नाव कधी सरळ काठावर घालायची नाही. आधी नाक वरच्या धारेकडे वळवायची, नाव जवळजवळ जागेवर उभी करायची, मग लांब बांबूला बसवलेली लोखंडी आकडी काठावरच्या मुळीत अशी अलगद अडकवायची की नावेतल्या दुधाच्या किटल्या हलत नसत. मी तोंड उघडं टाकून बघत बसायचो.

पण आकडीला दोन्ही हात गुंतायचे आणि दोर घेऊन काठावर उडी मारणारा माणूस वेगळा लागायचा. नवरा आकडी धरायचा तेव्हा ती दोर बघायची. आता दोर कोण बघणार? रोजचा उतारू मी एकटाच पुरुष. तिनं मला पहिल्याच आठवड्यात कामाला लावलं.

"दोर हाताला गुंडाळायचा न्हाई, गुरुजी," तिनं पहिलाच धडा दिला. "आधी काठावरच्या खुंट्याला दोन येढे द्यायचे. मंग शेंडा उघड्या मुठीत धरायचा. वढ आली का हळूहळू सोडत जायचं. नाव खुंटा थांबवतो, तुमी न्हाई."

धडे पुष्कळ होते. दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही. नाव आणि दगड यांच्यामध्ये हात घालायचा नाही, रेटायचं तर बांबूनं. नाव सुटायची वेळ आली तर दोर कापायला नावेच्या फळीत एक विळा खोचलेला असायचा. त्या विळ्यानं कुणाला अंबाडीची भाजीसुद्धा कापू द्यायची नाही ती. एका बाईनं एकदा हात लावला तर तिला नावेतून उतरवायचं तेवढं बाकी ठेवलं.

माझी अडचण अशी की माझ्या हाताला आधीच दुसरा धडा पाठ होता. बैल उधळला तर कासऱ्याचा एक वेढा तळहाताला घ्यायचा आणि मूठ आवळायची, हे मला वडिलांनी शाळेत जायच्या आधी शिकवलं होतं. दोर हाती आला की मूठ आपोआप तेच करायची. मावशी बांबूच्या टोकानं माझ्या बोटांवर टकटक करायची.

"बैल न्हाई हे, गुरुजी! बैल दमतो. नदी दमती का?"

नावेतल्या निंदायला जाणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मला राग यायचा. मी शिकवणारा माणूस, आणि मला सगळ्यांदेखत शिकवायचं म्हणजे काय! घरी खोलीवर मात्र खाटेच्या खुराला सुतळीचे वेढे देऊन सराव करायचो. महिन्याभरात जमलं. आता आपल्याला काही सांगायची गरज नाही, असंही वाटायला लागलं.

भादव्यात वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला आणि पाणी एका दिवसात लालभडक झालं. संध्याकाळी आम्ही वस्तीवरून गावाकडे परत निघालो. नावेत मी, दहा-बारा बाया आणि दुधाच्या किटल्या. मावशीनं नाव नेहमीसारखी आणली, आकडी मुळीला लावली. मी उडी मारली, खुंट्यावर वाकलो, एक वेढा दिला. दुसरा देणार तेवढ्यात धारेनं नावेची शेपूट बाहेर ओढली आणि दोराला हिसका बसला. मी काय केलं? तळहाताला वेढा घेतला आणि मूठ आवळली.

दोर खुंट्यावरून सरकायला लागला आणि माझा हात खुंट्याकडे. सोडवायला गेलो तर वेढा आणखी घट्ट. बोटं पांढरी पडलेली दिसली. ओरडायचंही सुचलं नाही, इतका मी भ्यालो. वर मान केली तर मावशी माझ्याकडेच बघत होती. तिनं एका हातानं आकडी सोडवली, दुसऱ्या हातानं विळा उपसला आणि दोर कापला.

नाव गेली. बाया किंचाळल्या, किटल्या आडव्या झाल्या. मावशी मात्र ओरडली नाही. तिनं सगळ्यांना खाली बसवलं, नाव धारेबरोबर जाऊ दिली, आणि खालच्या वळणावर पाण्यात ओणवलेल्या बाभळीला आकडी टाकली. नाव गर्रकन फिरून काठाला टेकली. बाया कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर आल्या. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी काठानं धावत पोचलो तेव्हा तिनं पहिल्यांदा माझा हात उलटा-सुलटा करून बघितला, बोटं एकेक वाकवून बघितली, आणि म्हणाली, "बराबर हाय. बाही खाली करा."

मी बाही खाली केली.

दुसऱ्या दिवशी चावडीवर बैठक. नाव हातची सुटली, हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. बायांनी सांगितलं, मावशीनंच दोर कापला. मी खुंट्यावर वाकलेलो असल्यामुळे माझा हात कुणी पाहिलाच नव्हता. सरपंचांनी विचारलं, "का कापला? दोर तर लागला होता."

"माझाच अंदाज चुकला," मावशी म्हणाली.

एवढंच. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. सरपंच म्हणाले, "मंग ठरल्यापरमानं नाव दुसऱ्याला द्यावी लागंल." मी खांबाला टेकून उभा होतो. लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे कुणी बोट दाखवलं नाही याचं बरंही वाटत होतं. त्या बरं वाटण्याचीच मला इतकी शिसारी आली की मी पुढे होऊन बाही वर केली. तळव्यापासून मनगटाच्या वरपर्यंत दोराचा काळानिळा वळ होता.

"मी हाताला गुंडाळला होता," मी म्हणालो. "त्यांनी दोर कापला नसता तर हा हात राहिला नसता."

मागून कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. गुरुजीनं नाव बैलासारखी धरली! सरपंचांनी हसू आवरत माझा हात पाहिला. मग म्हणाले, एवढ्या धारेत बाया सुखरूप उतरवल्या, आणखी काय बघायचं राहिलं? नाव मावशीकडेच राहिली.

मला वाटलं, ती खूश होईल. घाटावर गेलो तर ती दोराची तुटकी टोकं पिळून जोडत बसलेली, आणि माझ्यावर भयंकर चिडलेली.

"कोणी सांगितलं होतं बोलायला?"

"मावशी, तुमची नाव गेली असती."

"नाव गेली तर दुसरा कोणीबी चालवंल. तुमच्या आधी एक गुरुजी पाण्याला भिऊन गेल्ता. त्याच्या आधीचा लोकं हसले म्हणून गेल्ता. मंग दीड वरीस शाळेला कुलूप. आता सगळं गाव तुमाला हसून राह्यलंय. तुमी गेले तर कोण येतंय तिथं?"

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती मान खाली घालून दोर पिळत राहिली. मी समोर बसलो आणि दोराचं दुसरं टोक धरलं.

त्या वस्तीवर मी अकरा वर्षं शिकवलं.