साहेबांचा घोडा आणि गुलाबी कॉपी

"रिजेक्ट? माझा घोडा रिजेक्ट?" दामलेसाहेबांनी रिपोर्ट टेबलावर आपटला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, ड्रॉइंगप्रमाणे झालाय का ते मोजायचं, चुकला असेल तर लाल टॅग लावायचा, एवढंच काम. माझं प्रोबेशन संपत आलं होतं. नोकरी पर्मनंट झाल्याशिवाय लग्नाची तारीख धरायची नाही, असं होणाऱ्या सासऱ्यांनी ठणकावलं होतं. आणि कन्फर्मेशन लेटरवर सही करणार होते वर्क्स मॅनेजर दामलेसाहेब.

बदलापूरला आमचा एक कस्टमर होता. तिथले परचेस मॅनेजर लालवानी आणि आमचे साहेब यांची दरवर्षी त्यांच्या कँटीनमध्ये बुद्धिबळाची मॅच व्हायची. साहेब चार वर्षं ओळीने हरले होते. यंदा त्यांनी पांढऱ्या मोहऱ्यांसाठी एक गॅम्बिट शोधून काढला होता. गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच आपला एखादा मोहरा मुद्दाम मारू द्यायचा आणि बदल्यात हल्ला मिळवायचा. साहेब चौथ्या खेळीला अख्खा घोडाच देत. दोन प्यादी मिळत आणि काळा राजा उघड्यावर येई.

"तू इन्स्पेक्टर आहेस ना? मग कर इन्स्पेक्ट. रिपोर्ट फॉरमॅटमध्येच हवा!"

मी माझ्या खोलीवर दोन दिवस पट मांडून बसलो. मग रिपोर्टमध्ये लिहिलं, 'पाचवी पायरी : काळ्याने घोड्याने पांढऱ्या राजापुढचं प्यादंही मारावं. फुकट आहे. निष्कर्ष : रिजेक्ट.' कस्टमरच्या रकान्यात, मॅच तिथे म्हणून, बदलापूरच्या कंपनीचं नाव टाकलं. शिस्त म्हणजे शिस्त.

साहेबांनी लाल पेन काढून वर लिहिलं, 'अ‍ॅक्सेप्टेड अंडर डेव्हिएशन'. माल थोडा चुकलाय, पण साहेबांच्या जबाबदारीवर चालवून घ्या, असा त्याचा अर्थ.

"आणि हरलो ना, तर तुझं प्रोबेशन सहा महिने वाढलं म्हणून समज!"

रविवारी बदलापूरला गेलो. लालवानी पटापुढे बसले होते आणि त्यांच्या शर्टाच्या खिशातून एक गुलाबी कागद डोकावत होता. आमचा रिपोर्ट तीन कॉप्यांत निघायचा. पांढरी स्टोअरला, पिवळी आम्हाला, गुलाबी कस्टमरला. आमचे डिस्पॅचचे भोईरकाका शेजारीच चहा पीत होते. मी त्यांना कोपऱ्यात घेतलं.

"काका, गुलाबी कॉपी पाठवलीत?"

"मंग? कस्टमरचा नाव होता त्यावर. वीस वर्सांत येक कॉपी चुकवली नाय मी!"

मॅच सुरू झाली. चौथ्या खेळीला साहेबांनी घोडा दिला. लालवानींनी राजाने तो मारला. साहेबांनी वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे केलं. लालवानींनी टेबलाखाली कागद उघडला, गालात हसले आणि घोड्याने ते फुकटचं प्यादं उचललं.

मी मनातल्या मनात लग्न सहा महिने पुढे ढकललं.

साहेबांना चेक द्यायची भारी हौस. चेक दिसला की ते देणारच, पुढचं पुढे. त्यांनी वजीर पटाच्या कडेला नेला, "चेक!" लालवानींनी प्यादं आडवं घातलं. साहेबांनी वजीर पटाच्या मध्यावर आणला, "चेक!" आणि तेव्हा आम्हा सगळ्यांना एकदमच दिसलं. त्या वजिराचा एक डोळा राजावर होता आणि दुसरा प्यादं खाऊन बसलेल्या घोड्यावर. घोडा गेला. हे मला दोन दिवसांत दिसलं नव्हतं. मी व्हर्नियर कॅलिपरने सरळ मापं घेणारा माणूस, तिरकं मोजायची मला सवय नाही.

त्यानंतर लालवानी सावरले नाहीत. "साईं, ये रिपोर्ट किसने बनाया?" एवढंच त्यांनी विचारलं. मी कँटीनचा मेनू वाचत राहिलो.

परतताना साहेबांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "काय डोकं आहे रे! मुद्दाम चुकीचा रिपोर्ट पाठवलास!"

मी नाही म्हणणार होतो. मग सासरे आठवले.

पुढच्या आठवड्यात दोन कागद आले. एक कन्फर्मेशन लेटर. दुसरी ती गुलाबी कॉपी, बदलापूरहून परत आलेली, वर लाल शाईत शेरा : 'पाचव्या पायरीला माल सदोष. रिजेक्टेड.' नोकरीतलं माझं ते पहिलं रिजेक्शन.

तेव्हापासून मी प्रत्येक रिपोर्ट दोनदा तपासतो. दोन्ही कागद आजही एकाच फाइलमध्ये आहेत. सासऱ्यांना मी त्यातला एकच दाखवला.