रंगवलेली ओल

माझ्या हॉस्टेलच्या टेबलावर रेझिनचं एक वीतभर पडकं घर आहे आणि त्याने मला रडकुंडीला आणलं आहे. रूममेट ऋचा छोट्या सैनिकांच्या लढाया खेळते. रविवारच्या खेळात तिला हे घर मांडायचं आहे आणि ते रंगवून द्यायचं मी कबूल केलंय. त्यावरचं साच्याचं तेल मी साबणाने नीट धुतलं नव्हतं, म्हणून पहिला रंग पापुद्र्यासारखा निघून आला. आता रंग धरला, तर ऋचा म्हणते, "अगं, फारच नवं दिसतंय. जरा ओल दाखव ना, शेवाळ दाखव!"

मी ब्रश आपटला. दर दिवाळीला आई आमच्या दाराजवळच्या ओलीवर चुन्याचा हात मारते आणि पाहुणे आले की नेमकी तिथेच पाठ टेकून बसते. तीच ओल मी इथे हौसेने रंगवायची? ऋचाला हे कसं सांगावं, कळेना. कदाचित चिडण्यासारखं यात काही नसेलही.

शेवटी रंगवली. खालून वर चढणारी, कडेला पिवळट. ऋचा खूश झाली. मग तिला दाराजवळचा पांढरा पट्टा दिसला.

"एवढा का राहिला गं?"

"राहिला नाही," मी म्हटलं. "त्या घरात अजून माणसं राहतात."