डोंगरात मारलेली हाक

मे महिन्यात डोंगरात बेचाळीस किलोमीटर पळायची कल्पना माझी नव्हे, आमच्या ह्यांची. तीन वर्षांपूर्वी ह्यांना हार्ट अटॅक आला, तेव्हा छातीत दुखत असताना पित्ताची गोळी खाऊन हे मोटारसायकलवर अंबडच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला गेले होते. मला एका अक्षराने सांगितलं नाही. मला कळलं ते कंपनीतल्या माणसाच्या फोनवरून, शाळेत नववीचा तास घेताना. तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

पुढे डॉक्टरांनी चालायला सांगितलं. हे चालता चालता पळायला लागले, आणि लक्ष ठेवायला म्हणून मीही बूट घेतले. गंमत अशी की वर्षभरात मीच ह्यांच्या पुढे पळू लागले. ह्या डोंगरातल्या मॅरेथॉनआधी सगळ्या तपासण्या करून घेतल्या, डॉक्टर हो म्हणाले. माझी अट एकच होती. काही वाटलं तर थांबायचं आणि सांगायचं.

"हो गं बाई," हे म्हणाले. हे 'हो गं बाई' मी सव्वीस वर्षं ऐकते आहे, त्याची किंमत मला माहीत आहे.

उजाडताना त्र्यंबकच्या बाजूने सुटलो. वाट एकच, पठारापर्यंत चढायचं आणि त्याच वाटेने उतरायचं. आठ वाजेपर्यंत बरं चाललं होतं. मग ऊन तापलं. उंचावर गार असतं म्हणणाऱ्यांना मे महिन्यात एकदा त्या काळ्या कातळावर नेऊन उभं करायला हवं. झाड नाही, सावली नाही, आणि चढावर दोन पावलांत धाप लागते. बाराव्या किलोमीटरला हे म्हणाले, "तू हो पुढे, मी येतो आपला निवांत." मी पुढे झाले. पठारावरच्या टेबलापाशी मीठ लावलेला उकडलेला बटाटा खाल्ला, डोक्यावर पाणी ओतलं आणि परत फिरले.

आता हे समोरून चढताना दिसायला हवे होते. एक एक जण येत होता, तोंड लाल झालेला, कोणी चालत, कोणी फरफटत. हे नाहीत. शेवटी सगळ्यांच्या मागून चालणारा स्वयंसेवक आला. मागे कोणी राहू नये, एवढंच त्याचं काम.

"माझ्या मागे कोणी नाही, काकू," तो म्हणाला.

तो वॉकीटॉकीवर बोलायला लागला, तोवर मी उतारावर सुटले होते. "अहो! अहो!" म्हणून ओरडत होते. दोन वळणं उतरले तर पुढे उतरत चाललेल्या दोघा धावपटूंनी वळून पाहिलं. "काय झालं काकू?" बरोबरच होतं त्यांचं. 'अहो'ला डोंगरात कोणीही ओ देईल. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर मी ह्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती. त्या उतारावर मारली. नाव, आडनाव, सगळं. घसा फुटेस्तोवर.

"ए बाई, वरडू नको. हिकडं हाय तुझा मानूस!"

वाटेपासून पन्नासेक पावलांवर एक कौलारू घर होतं. दारात एक म्हातारी उभी होती. पडवीत बाजेवर हे आडवे, पायांखाली गोधडीची गुंडाळी, हातात गुळाचा खडा.

"नावाने?" हे म्हणाले.

मी वाट्टेल ते बोलले असते, पण म्हातारीने माझा दंड धरला. "बस आधी. उन्हातून आलीस, उभ्यानं पानी नको पिऊ." मी मुकाट बसले. गूळ खाल्ला, पाणी प्यायले. मग तिनेच सांगितलं, "छाती जड वाटती म्हनला. म्या निजवला त्याला. आता रंग आलाय तोंडाव. लय घाबरायचं काम नाय."

थांबले होते. आणि सांगितलं होतं! मला इतकं हायसं वाटलं की म्हातारीच्या पाया पडले. मागोमाग स्वयंसेवकाने बोलावलेली जीप आली.

नाशिकच्या हॉस्पिटलात ईसीजी चांगला निघाला, रक्ताचे रिपोर्टही. ऊन लागलं होतं, अंगातलं पाणी कमी झालं होतं. सलाइन लावून डॉक्टर गेले, तेव्हा मी मनातलं विचारलं. "मला कधी सांगितलं नाहीत. त्या मावशींना बरं लगेच सांगितलंत?"

हे सलाइनच्या नळीकडे बघत म्हणाले, "त्या घाबरल्या नाहीत. तुझा चेहरा उतरतो गं. मग मला सांगवत नाही."

उत्तर माझ्या जिभेवर होतं. गिळलं. "आता नाही उतरणार," मी म्हणाले.

"मग ऐक. गेल्या आठवड्यात दोनदा चक्कर आली होती."

मी चेहरा हलू दिला नाही. "कधी? उठताना?" एवढंच विचारलं आणि डॉक्टरांना परत बोलावून आणलं. त्यांनी ऐकून घेतलं, रक्तदाबाची गोळी जास्त होतेय म्हणाले, ती अर्धी केली. "बरं झालं सांगितलंत."

मी पाणी आणते म्हणून बाहेर आले आणि कॉरिडॉरच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून पोटभर रडले. मग नळावर तोंड धुतलं, चेहरा रुमालाने नीट पुसला आणि मगच आत गेले.