धुरपदाबाईची जीभ

चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात धुरपदाबाईचं शेत नावालाच होतं. सगळी बरड जमीन, गोट्यांनी भरलेली. पण पावसाळा लागला की रानातली पहिली भाजी शिजायची ती तिच्याच चुलीवर. तरोटा कुठे कोवळा आहे, फांगाचा वेल कुणाच्या कुंपणावर चढलाय, करटुल्यांना अजून किती अवकाश आहे, हे ती ओट्यावर बसून सांगायची. पोरीबाळी ओटी खोचून तिच्या मागं रानात जात. तिचं शिकवणं म्हणजे काय, तर चुकीच्या पानाला हात लागला की हातावर फटका. का मारलं ते सांगायची नाही. पोरगी पुढच्या खेपेला ते पान सोडून द्यायची.

एका गोष्टीत मात्र फटक्यानं भागत नसे.

डोंगराच्या उतारावर एक काटेरी वेल होता. देठाला तीन पानं, म्हणून गावात त्याच्या कंदाला तीनपानी म्हणत. कच्चा खाल्ला तर माणूस हातचा जातो. पण पातळ चकत्या कापायच्या, राख घालून उकडायच्या, टोपलीत भरून तीन रात्री नाल्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या, की विष धुऊन जातं आणि पोटाला आधार होईल असं अन्न उरतं. ज्वारीची कणगी तळाला गेली की घराघरांतून हेच चाले. गावाच्या टोपल्या एकाच धारेत, एकीखाली एक लावलेल्या असत. काढायच्या दिवशी धुरपदाबाई सगळ्यांत खालच्या टोपलीतली चकती जिभेवर ठेवायची. वरच्या सगळ्या टोपल्यांचं विष तिथून वाहून गेलेलं. ती निवळली तर बाकीच्या निवळल्याच. तिनं मान हलवली की बायका टोपल्या उचलत.

चुडामण आबा तिला चिडवायचे, "धुरपदे, तुनी जीभ पंचायतमा ठेवाले जोयजे. सरपंचपेक्षा जास्ती काम करस."

ही जीभ तिला सासूनं दिली होती. लग्न होऊन आली त्याच वर्षी भागाबाईनं तिला नाल्यावर नेलं आणि कच्च्या कंदाची नखाएवढी कपची तिच्या जिभेवर ठेवली. आधी नुसती चरचर झाली, मग आग, मग घशात काटे उभे राहिले. ती थुंकायला वाकली तर भागाबाईनं हनुवटी धरून ठेवली. "थुकू नको. ध्यानमा ठेव. जीभ जयस तोवर जहर शे." जीभ जळते तोवर विष, एवढाच धडा. डोळ्यांतून धारा लागल्यावर तिनं हात सोडला. धुरपदा दोन दिवस सासूशी बोलली नाही. पण ती पहिली चरचर तिला जन्मभर पुरली.

तिची स्वतःची सून कमल सोनगीरकडची. हमरस्त्यावरच्या गावातली, डोंगर लांबूनच पाहिलेली. हडकुळी, हसरी, सासूला 'आत्या, आत्या' करत मागं मागं फिरणारी. धुरपदाबाईला पोटची मुलगी नव्हती. कमलच्या जिभेवर कपची ठेवायची वेळ झाली तेव्हा ती पोटुशी होती. मग झालेली पोरगी, इमल, अंगावर पीत होती. मग कमलला हिवताप झाला. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणत म्हणत इमल सहा वर्षांची झाली. खरं कारण धुरपदाबाई मनाशीही फारसं काढत नसे. त्या दिवशी नाल्यावर भागाबाईकडे आपण कोणत्या नजरेनं पाहिलं होतं ते तिला आठवायचं. कमलनं आपल्याकडे तसं पाहावं हे तिला नको होतं.

सत्त्याऐंशी साली लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. धुरपदाबाईचा मुलगा लोटन आणि कमल रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात. रेशनच्या दुकानात धान्य आलं की संध्याकाळपर्यंत संपे. बायका पुन्हा डोंगराकडे वळल्या. तीनपानीचे कंद जमिनीत होते, तेवढ्यांची कमतरता नव्हती. पण नाल्यात धार नव्हती. ठिकठिकाणी डबकी, त्यांत म्हशी.

धुरपदाबाईनं पहिल्यांदा नको म्हटलं. वाहत्या पाण्याशिवाय हे कुणी केलेलं तिनं पाहिलं नव्हतं आणि विचारायला भागाबाई उरली नव्हती. पण शेजारच्या कौतिकची बायको पोराला कडेवर घेऊन दारात उभी राहिली, तिच्यामागं आणखी बायका. शेवटी ठरलं, ज्यानं त्यानं आपल्या घरी हंड्यात भिजवायचं, हातपंपाचं पाणी मिळेल तसं बदलत राहायचं, आणि धुरपदाबाईनं चाखल्याशिवाय कुणी तोंडात घालायचं नाही.

तिथंच घोळ झाला. नाल्यात एक टोपली चाखली की गावाचं काम व्हायचं. आता प्रत्येक हंडा वेगळा, प्रत्येक घरचं पाणी वेगळं. ती सकाळपासून दारोदार फिरली. चकती ठेवायची, थांबायचं, थुंकायचं, चूळ भरायची. दोन घरांचे हंडे तिनं परत धुवायला लावले, त्यांत एक कौतिकचा होता. दुपारनंतर तिला गरगरायला लागलं. उपाशी पोटाचं असेल, असं तिला वाटलं. शेवटचा हंडा तिच्याच घरचा. चकती जिभेवर ठेवली. काही नाही. चरचर नाही, चव नाही. निवळला, असं समजून तिनं हुश्श केलं.

कमल कामावरून आली ती चुलीपुढं बसूनच राहिली. लोटन पंपावर रांगेत होता, इमल त्याच्याबरोबर. धुरपदाबाईनं चकत्या तिखटमीठ घालून परतल्या आणि सुनेला आधी वाढलं.

दोनचार घास खाऊन कमल म्हणाली, "आत्या, जराशी चरचर व्हस. असंच राहस का?"

धुरपदाबाईनं आपल्या ताटलीतली एक चकती पुन्हा तोंडात घातली. तिला काहीच लागेना.

"राहस," ती म्हणाली. "यंदा वाहतं पाणी नही ना. खाय."

कमलनं ताटली पुसून घेतली.

दिवेलागणीला तिला उलट्या सुरू झाल्या, मग हातपाय आखडले. बैलगाडी जुंपून चोपड्याला निघाले. धुरपदाबाईनं तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. तिचीही जीभ जड झाली होती. वाटेत तिनं जीभ दातांखाली धरली, जोरात चावली, रक्त आलं तरी दुखेना. तेव्हा तिला कळलं. जीभ दुपारीच मेली होती. कमलची जिवंत होती, ती बोलली होती, पण त्या चरचरीचा अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता. गाव मागं पडून फार वेळ झाला नव्हता तोच कमल गेली.

गावानं धुरपदाबाईला दोष दिला नाही. दुष्काळानं नेली, असंच सगळे म्हणाले. कौतिकच्या बायकोनं तर तिचे पाय धरले, आपलं पोर वाचलं म्हणून. धुरपदाबाईला ते दोषापेक्षा जड गेलं. लोटन एवढंच म्हणाला की तो कंद पुन्हा घरात दिसला तर मी घरात राहणार नाही. कुणी तिला चाखायला बोलावलं नाही, आणि पोरींना आया तिच्याबरोबर रानात धाडेनात.

पुढच्या श्रावणात नाल्याला पुन्हा धार लागली. लोटन बाजाराला गेला होता. धुरपदाबाई इमलला घेऊन नाल्यावर गेली, कमरेची पुरचुंडी सोडली आणि नखाएवढी कपची काढली.

पोरगी आजीकडे पाहून तोंड उघडून उभी राहिली. जरा वेळानं तिचे डोळे मोठे झाले, ती मागं सरली. धुरपदाबाईनं तिची हनुवटी धरली.

"थुकू नको. ध्यानमा ठेव. जीभ जयस तोवर जहर शे."

सोडल्यावर इमल खोकत, थुंकत, रडत खाली बसली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मनी मायले हाईच व्हयनं का?"

"हा. हाईच."

धुरपदाबाईनं ओंजळीत पाणी धरून पुढं केलं. इमलनं त्या ओंजळीकडे पाहिलं, मग आजीकडे. तीच नजर. मग ती उठली, चार पावलं वर जाऊन धारेवर पालथी पडली आणि आपलं आपण पाणी प्यायली.