मुरमांची गोळी अन् लग्नाची घाई

मेडिकलच्या काउंटरमागं उभं राहिलं की किस्से शोधावे लागत नाहीत, तेच गळ्यात पडतात! पाथरीतलं आमचं दुकान सासऱ्यांचं, पण फार्मसी शिकलेली मी. नव्वदनंतर शहरातले स्किनचे डॉक्टर मुरमांसाठी एक कॅप्सूल लिहायला लागले, अन् माझ्या जिवाला घोर लागला.

*

आमच्या गल्लीतल्या गुरुजींनी ती सुरू केली. ओठ फुटले, नाकातून रक्त आलं. तरी डॉक्टरांनी सांगितलेली लिव्हरची रक्ततपासणी करायला तयार नाहीत.

"वैनी, मुरमं तोंडाला. सुई दंडात कशाला?"

अन् शाळेत सायन्स हेच शिकवायचे!

*

एकदा दोघी जावा आल्या. चिठ्ठी धाकटीची, गोळ्या दोघी खायच्या. थोरलीच्या तोंडावर एक मुरूम नाही!

"मग तू का गं खायलीस?"

"ही उजळली तर मी काळी दिसन की!"

तिच्या हातातलं पाकीट मी काढूनच घेतलं.

*

पोखर्णीचे अण्णा लेकीसाठी, सुनंदासाठी, तीच कॅप्सूल न्यायला आले. मी स्पष्ट सांगितलं, "गोळी चालू असताना अन् बंद केल्यावरही महिनाभर दिवस राहता कामा नयेत. बाळ व्यंग घेऊन जन्माला येऊ शकतं."

अण्णा भडकले. "पोरीचं लगीन न्हाई झालं अजून! काय बोलायलाव तुमी?"

पुढं दुसऱ्या दुकानातून न्यायला लागले. मला काही चैन पडेना.

*

ज्येष्ठात एका सकाळी अण्णा पेढे घेऊन हजर. "सुनंदाला वालूरला दिली. काल लगीन झालं. हळदीपर्यंत गोळ्या चालू ठिवल्या, तोंड कसं आरशावानी!"

पेढा माझ्या हातातच राहिला.

विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एसटी नाही. नवऱ्याच्या स्कूटरवर वालूर गाठलं. सत्यनारायणाची पूजा चालू होती. देवा, वाचलो! पूजेआधी नवराबायकोला एकत्र पाठवत नाहीत.

सुनंदाची सासू लय कडक. तिला न्हाणीपाशी नेऊन मी सगळं सांगितलं. आता पोरीला नांदवतेत का घालवून देतेत?

सासू तडक पूजेत परत गेली. आरती होताच सुनेला म्हणाली, "सुनंदे, पिशवी भर. आखाडात नवी सून सासरी ठिवत न्हाईत. जा माहेरी महिनाभर."

सासरे चकित. "अगं, आखाड लागायला आठ दिवस हायत!"

तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, गुंडाळलं अन् काखेत मारलं.

"आपल्या घरी आजच लागला!"